हळद-कुंकू वाहिलेली फ्लॉपी

सांगली, खंडेनवमी, १९९८

काय करावं, कळत नाही. कॉम्प्युटर महिनाभर रडतखडत चालतोय, म्हणून कुपवाडहून मेकॅनिक विलास आला. म्हणाला, "विंडोज नव्यानं टाकायला लागंल. तुमच्या फाइली फ्लॉपीवर घेतल्यात न्हवं?"

घेतल्या होत्या. अप्पा आजोबांनी सांगितलेल्या त्यांच्या फौजेतल्या आठवणी, मी दोन वर्षं बसून टाइप केलेल्या. पण सकाळी आईनं हत्यारांच्या पूजेत कॉम्प्युटरबरोबर फ्लॉपीलाही हळद-कुंकू वाहिलं. पत्र्याच्या झडपेतून कुंकू आत गेलंय, आता फ्लॉपी उघडतच नाही. आईवर ओरडलो. उगाचच.

विलास म्हणतो, "डिस्क पुसत न्हाई, जुन्यावरच नवं टाकतो. फाइली जागच्या जागी ऱ्हातील." राहतील म्हणजे नक्की? नवं आलं तरी जुनं कसं राहतं? "आवं, ऱ्हातंय," एवढंच त्याचं उत्तर. शेवटी परवा ये म्हटलं.

तो गेल्यावर वाटलं, गेल्याच फाइली तर अप्पांना पुन्हा विचारू. ते शेजारीच ती कुंकवाची फ्लॉपी न्याहाळत बसले होते. म्हटलं, "अप्पा, तुमच्या फौजेतल्या आठवणी आहेत त्यात."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "मी फौजेत कवा व्हतो रं?"