मंजूसाठी छोटं पिस्तूल

रवि., १८ मे

नेमबाजीच्या क्लबवरून परत. थंडीने बोटं आखडलेली, तरी शेवटच्या पाच बारांतले चार निशाणाच्या काळ्या वर्तुळात. क्लबातला कीथ म्हणाला, "नॉट बॅड." म्हातारा एवढंच म्हणतो, आणि ते मला आठवडाभर पुरतं.

सं. साडेसहाला मंजूचा फोन. तिकडे येवल्यात दुपारचे दोन, तिच्या दवाखान्याची जेवणाची सुट्टी.

"ताई, मला लायसन्स मिळालं."

म्हटलं, गाडी तर तू कधीची चालवतेस.

"गाडीचं नाही गं. पिस्तुलाचं."

मग तीच म्हणाली, तुला कळतं त्यातलं, म्हणून विचारते. छोटं हवं, पर्समध्ये मावणारं. आणि फार महाग नको. कशाला, विचारलं. "चोऱ्या वाढल्यात. बाई एकटी राहते हे अख्ख्या येवल्याला माहीत आहे."

मला 'कळतं' म्हणजे कॉलेजात एन.सी.सी.ची रायफल, आणि आता मेलबर्नबाहेर वेरिबीजवळच्या रेंजवर दर रविवारी क्लबच्या पिस्तुलाने कागदाला भोकं पाडणं. पण धाकट्या बहिणीने काहीतरी विचारलं. दिवाळीनंतर आम्ही नीट बोललोच नव्हतो.

मंगळ., २० मे

मंजूने फोटो पाठवले. नाशिकच्या दुकानदाराने तीन दाखवलेत.

एक बत्तीस बोअरचं पिस्तूल, नवीन. तिन्हींत महाग, तरी परवडेल म्हणते. दुसरं पॉइंट टू-फाइव्हचं, परदेशी, जुनं, कुणा वकिलाचं होतं. अगदी तळहाताएवढं. स्वस्त. तिसरं पॉइंट टू-टूचं छोटं रिव्हॉल्व्हर.

मंजूला वकिलाचं आवडलंय. "किती नाजूक आहे बघ, अत्तराच्या कुपीसारखं."

अत्तराच्या कुपीसारखं. ही माझी बहीण, जिने माझ्या एन.सी.सी.च्या बुटांनाही कधी हात लावला नाही.

गुरु., २२ मे

लॅबमधून लवकर सुटले. वाचत बसले. टू-फाइव्हच्या गोळ्या तिकडे सहज मिळत नाहीत, आणि मिळाल्या तर सोन्याच्या भावात. म्हणजे सराव नाही. सराव नसेल तर ती खरंच कुपी. शिवाय इतक्या जुन्या पिस्तुलाची स्प्रिंग कधी दगा देईल सांगता येत नाही.

हे सगळं मंजूला सांगितलं. ती लिहून घेत होती, कागदाचा आवाज येत होता. "अजून काय?" म्हणाली. अजून काय, अजून काय. बराच वेळ बोललो. मग तिला पेशंटने हाक मारली.

फोन ठेवल्यावर घर एकदम मोठं वाटलं. चार बेडरूमचं घर. सुधीर, माझा पूर्वीचा नवरा, आता सिडनीत ब्लॅकटाउनला, त्याच्या दुसऱ्या संसारात. मुलगा निनाद ब्रिस्बेनला. कुठल्याही खोलीत झोपले तरी कुणाची अडचण नाही.

शनि., २४ मे

एक प्रयोग. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तूरडाळ तोलली. बत्तीसच्या वजनाएवढी एका पिशवीत, टू-टूच्या रिव्हॉल्व्हरएवढी दुसरीत. मोठी पिशवी कोटाच्या खिशात टाकून सुपरमार्केटला गेले. कोट एका बाजूला ओढला जातो. दर दोन मिनिटांनी हात आपोआप खिशाकडे. ट्रॉली ढकलताना, पैसे देताना, पार्किंगमध्ये. दुपारभर मला खिशाशिवाय दुसरं काही सुचलं नाही.

परत येताना लहान पिशवी. ती खिशात आहे हे विसरून गेले. कोट धुवायला टाकताना आठवलं. हेही वाईटच.

मंजूला सांगितलं तर इतकी हसली. "ताई, तू डाळ घेऊन फिरलीस?" तिला हसताना किती दिवसांनी ऐकलं.

रवि., २५ मे

कीथला विचारलं. इथे इतक्या आखूड नळीचं आम्हाला ठेवताच येत नाही, म्हणून क्लबात तसलं काही नाही. पण तो फिटर होता, हत्यार हातात नसलं तरी त्याला त्याचं पोट कळतं. म्हणाला, जितकं छोटं तितकं नेम धरायला अवघड. नळी आखूड, मुठीला जागा नाही, वर नेमाचा दाणा मोहरीएवढा. हलकं असल्याने झटका उलट जास्त. लोकांना वाटतं छोटं म्हणजे बायकांचं. "रॉंग वे राउंड, लव्ह."

त्याच्या बत्तीसच्या लांब रिव्हॉल्व्हरने सहा मारून बघितले. चाप जड. मंजूची बोटं माझ्याहून बारीक.

कीथने थर्मासमधला चहा दिला. बायको गेल्यापासून तो दोन कप आणतो. कारण मी विचारलेलं नाही.

बुध., २८ मे

निनादला फोन केला, मावशीचं सांगितलं.

"मम, दॅट्स इन्सेन. टेल हर टू गेट अ डॉग."

म्हटलं, अरे, तिला बोल ना एकदा तू. "येह, विल डू. हेक्टिक वीक." करणार नाही. त्याला राग नाही, लोभ नाही, वेळ नाही.

शुक्र., ३० मे

रिव्हॉल्व्हरच्या बाजूने: साधं. एखादी गोळी नाही उडाली तर पुन्हा चाप ओढायचा, बस. टू-टूची गोळी कधीकधी उडत नाही, त्यामुळे हे महत्त्वाचं. विरुद्ध: जोर कमी. बत्तीसच्या बाजूने: जोर त्यातल्या त्यात बरा, गोळ्या मिळतात. विरुद्ध: वरचा भाग मागे ओढायला ताकद लागते, घाबरलेल्या माणसाला सेफ्टी आठवत नाही.

हे सगळं खरं आहे. पण आता स्वतःशी लिहितेच. उत्तर मला पहिल्या आठवड्यातच कळलंय. आयुष्यात कधी न चालवलेल्या, सरावाला जागा नसलेल्या बाईच्या पर्समधलं कुठलंही पिस्तूल तिच्या उपयोगाचं नाही. पर्स हिसकावणाऱ्याच्या उपयोगाचं आहे.

मग मी रोज नवीन मुद्दा का शोधते?

साडेसहा वाजले की फोन उलटा ठेवलेला सुलटा करते, म्हणून.

रवि., १ जून

पाऊस, रेंजवर आम्ही चारपाच जणच. कीथला बत्तीस की टू-टू, हे चौथ्यांदा सांगत होते. त्याने कानावरचे मफ्स काढून गळ्यात घेतले.

"हू इज शी स्केअर्ड ऑफ?"

चोर, म्हटलं.

"विच वन?"

परत येताना गाडीत सारखं तेच. कुठला? दोन आठवडे पिस्तुलाची नळी, चाप, वजन. माणसाचं नाव मी विचारलंच नाही.

सोम., २ जून

विचारलं.

आधी मंजूने उडवून लावलं. मग म्हणाली, थांब, दार लावते.

फेब्रुवारीत एक बाळंतीण गेली. बाळ झालं आणि रक्तस्राव थांबेना. मंजूने जे करायचं ते सगळं केलं, ॲम्ब्युलन्समध्ये बरोबर बसून नाशिकला निघाली. वाटेतच संपलं. बाळ वाचलं. मुलगी.

दुसऱ्या दिवशी नवरा माणसं घेऊन आला. काचा फोडल्या. मंजूच्या कानाखाली मारली. "एकदाच," म्हणाली. जणू एकदाच म्हणजे काही नाही. पोलीस आले, गावातली मोठी माणसं मध्ये पडली, मिटवलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू काय केलं असतंस तिथून?"

काही नाही. खरंच.

"आता तो समोरच्या टपरीवर येऊन बसतो. रोज. शिवी नाही, धमकी नाही. नुसता दवाखान्याकडे बघत बसतो. मांडीवर बाळ असतं, ताई. मी शटर ओढते तेव्हा तो उठून जातो."

मी ऐकत होते, आणि मनात दुसरीकडे मी अंतर मोजत होते. दवाखाना, रस्ता, टपरी. एवढ्या अंतरावर टू-टू कामाचं नाही, असं. मग बाळ आठवलं.

मंगळ., ३ जून

आजारी रजा सांगितली. काही होत नाहीये, नुसतीच पडून.

सं. मीच फोन केला. सरळ सांगितलं, कुठलंच घेऊ नकोस. एकही बरं नाही.

"इतके दिवस तर दोन्ही बाजू सांगत होतीस."

"ते..." काय सांगणार. तुझा फोन यावा म्हणून सांगत होते?

"तुला सोपं आहे गं. तुझ्याकडे पोलीस बोलावले की येतात. रविवारी हौस म्हणून गोळ्या मारतेस, चहा पितेस, घरी जातेस. मला रोज संध्याकाळी शटर ओढायचंय. हात कापतात माझे. सर्जनचे हात आहेत ते."

मग पेशंट आलाय म्हणाली. मागे कुणाचाही आवाज नव्हता.

शुक्र., ६ जून

फोन नाही. मी केला, उचलला नाही. मेसेज पाहिलेला दिसतो.

ट्रुगानिनाला राहणाऱ्या देशपांडे वहिनींनी जेवायला बोलावलं होतं. सगळे घरांच्या किमतींवर बोलत होते. एकीने विचारलं, तुझी ती डॉक्टर बहीण कशी आहे? मजेत, म्हटलं.

रवि., ८ जून

क्लबला गेले, पण पिस्तूल हातात घेववलं नाही. कीथशेजारी बाकावर बसले. मंजूचं सगळं सांगितलं. इंग्रजीत सांगताना ते फार थोडं वाटलं.

कीथ म्हणाला, त्याची बायको गेल्यावर तो रोज हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये गाडी लावून बसायचा. कुणाला मारायचं नव्हतं. दुसरीकडे कुठे जायचं ते कळत नव्हतं. एकदा एक नर्स काचेवर टकटक करून गेली, बस.

पण मंजूचा माणूस कीथ नाही. त्याने तिला मारलंय. मी कीथला तेही म्हटलं. त्याने मान हलवली. "नो. फेअर इनफ."

गुरु., १२ जून

दुपारी लॅबमध्ये असताना व्हिडिओ कॉल. मंजू. हातमोजे काढून बाहेर पळाले.

ती नाशिकला, दुकानात. लायसन्सवर खरेदीची मुदत संपत आली म्हणे. काउंटरवर हिरवं कापड, त्यावर बत्तीसचं आणि ते टू-टूचं रिव्हॉल्व्हर. कॅमेरा त्यांच्यावरच धरलेला.

"वकिलाचं नको म्हणालीस, ते सोडलं. आता या दोन्हींतलं सांग. रागावलेय, पण विश्वास तुझ्यावरच आहे."

तिने बत्तीसचं उचललं. मला फक्त हात दिसत होता. मनगटाचं हाड वर आलेलं. घड्याळ खाली कोपराकडे घसरलं. इतकी कधी वाळली ही? एवढे दिवस आवाजच ऐकत होते.

म्हटलं, मंजू, ते खाली ठेव. कॅमेरा तुझ्याकडे फिरव.

"कशाला?"

"फिरव."

फिरवला. पांढरे केस कपाळावर, डोळ्यांखाली काळं. ती माझ्याकडे बघत होती, म्हणजे मीही तिला तशीच दिसत असणार. दुकानदाराचा आवाज आला, मॅडम, काय ठरवलं?

"मी येते," म्हटलं. "मी तिकडे येते, मंजू."

"कधी?"

"रजा मिळेल तशी."

"तोवर?"

नेटवर्क गेलं की तिने फोन बंद केला, माहीत नाही. परत लावला, लागला नाही. पार्किंगमध्ये उभी राहिले. एप्रन घालूनच बाहेर आले होते, हे नंतर लक्षात आलं.

शनि., १४ जून

तिकीट काढलं. मेलबर्न-मुंबई, पुढच्या शुक्रवारचं. सुपरवायझर कुरकुरली, पण दिली रजा. कीथला सांगितलं, दोन-तीन रविवार नाही. "नो वरीज," म्हणाला, आणि मग, तुझ्या बहिणीला माझा नमस्कार. हा शब्द त्याने कुठून शिकला कुणास ठाऊक.

मंजूला तिकिटाचा फोटो पाठवला. उत्तर: "नाशिकहून गाडी पाठवते. वरची खोली झाडून ठेवते." पिस्तुलाबद्दल ना तिने लिहिलं, ना मी विचारलं. विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं तिने. म्हणूनच.

सोम., १६ जून

सं. साडेसहा वाजून गेले तरी मंजूचा फोन नव्हता. मग मेसेज.

"आज तिसरा दिवस, तो आला नाही. टपरीवाल्याला विचारलं. बाळाला ताप आहे, अंगावर काढतायत म्हणे. त्याचं घर कोपरगाव रोडला. बघून येऊ का?"

पहिल्यांदा लिहिलं, जा. पाठवलं नाही, पुसलं. तान्ह्या बाळाचा ताप, ती डॉक्टर. जायलाच हवं. त्याने हिला मारलंय. जायला नको. एकटी जाऊ नको, दवाखान्यातल्या सिस्टरला घेऊन जा. मी येईपर्यंत थांब. ताप चार दिवस थांबत नाही.

आणि जाताना ती बरोबर काय नेईल, ते मला माहीत नाही.

फोन लावला. वाजतोय, उचलत नाहीये. निघाली असेल. परत लावते.