बैठकीतला खर्रा

प्रिय मामाजी,

काल आपल्या तलावात जाळं ओढलं. सासूबाईंना सांगून झालं, अख्ख्या गावाला सांगून झालं, तरी माझं मन भरेना. म्हटलं, ज्यांच्या माघारी लोकांनी ह्या सुनेला अध्यक्ष केलं, त्यांनाच लिहावं. आपली मासेमारांची संस्था वाचली, मामाजी! किती हलकं वाटतंय म्हणून सांगू!

तुम्ही देवाघरी गेलात आणि मी तुमच्या खुर्चीवर बसले. बैठक सुरू झाली की आधी मीच बोलायची. असं करू, तसं नको. सगळे माना डोलवायचे, "हो बाई, तुमी म्हनता तसंच करू." मला वाटायचं, वा, काय छान चाललंय! आणि तलावातली मासोळी मात्र दरसाल कमी. आम्ही माशांचं इवलं इवलं बीज सोडायचो, तलावातले मोठे शिकारी मासे, त्या मरळी, ते गिळून टाकायच्या. आपली माणसं मिरची तोडायला आंध्रात जायला लागली. संस्था मोडा, तलाव ठेकेदाराला द्या, असं लोक उघड बोलायला लागले. काही सुचतं का कोणाला, मी विचारायची. "तुमीच सांगा न बाई," सगळे म्हणायचे.

तुमच्या बैठकीत केवढा कालवा असायचा! तुम्ही येतानाच सुपारी-तंबाखूचा खर्रा तोंडात कोंबून यायचे. गाल टम्म फुगलेला, नुसतं "हं, हं". तो थुंकेपर्यंत सगळ्यांचं बोलून झालेलं असायचं. मी किती ओरडायची! "काऊन जी मामाजी, चार लोकाईत तरी खर्रा सोडा न!" तुम्ही हसायचे, तेही ओठ मिटून.

आपल्या संस्थेतल्या सुखदेवभाऊंचे बांबू आठवतात? मासे खाणाऱ्या पाणकावळ्यांना भिववायला त्यांनी तलावात बांबू रोवले, वर चिंध्या बांधल्या. पाणकावळ्यांना आयती जागा झाली! ऐटीत पंख वाळवत बसले की त्यावर! लोक सुखदेवभाऊंवर धावून गेले, तर तुम्ही मध्ये उभे राहिलात. "मीनंच सांगतलं होतं. जे बोलाचं ते मले बोला." आणि वळून त्यांनाच विचारलंत, "आता काय सुचून राह्यलं तुले?"

मागच्या उन्हाळ्यात संस्था मोडायचीच बैठक होती. मी निघाले तर सासूबाई म्हणाल्या, "सुमन, तोंडात काई तरी ठेवून जा."

"काऊन जी?"

"तुह्या मामाजीनं घरी कधी खर्रा खाल्ला का? बैठकीच्या दिवशीच खाये. म्हने, अध्यक्ष आधी बोलला का बाकीच्याईचं बोलनंच सरते."

मामाजी! एवढी वर्षं माझी बोलणी खाल्लीत, एकदा तरी सांगायचं होतं! काय बिघडलं असतं तुमचं?

मी मिठातला आवळा गालात धरला आणि गेले. सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मी नुसतं "हं, हं" केलं. मग सुखदेवभाऊ खाकरले. "पैले बीज गावाजवळच्या बोडीत वाढवू. लहान तळं हाय, त्यातल्या मरळी धरून काढू. बीज बोटाएवढं झालं का मंग मोठ्या तलावात सोडू."

पावसानं दडी मारली की बोडी आटेल, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. आवळ्यानं अडवलं बघा! तेवढ्यात शांताबाई म्हणाली, "पानी कमी झालं त माह्या वावरातल्या विहिरीवरचं इंजिन लावू." मग दुसरा बोलला, तिसरी बोलली, भांडणं झाली, हशा झाला. मी शेवटी आवळ्याची बी थुंकली आणि म्हटलं, "करा. फसलं त मीनं सांगतलं म्हना."

आणि बोडी आटायला लागली की हो! शांताबाईच्या इंजिनानं तारलं. काल रोहू-कतला असे आले की जाळं ओढवेना. सुखदेवभाऊ पाण्यातच नाचायला लागले. मी एसटीडी बूथवर पळत जाऊन सावली गावच्या व्यापाऱ्याला मोठी गाडी आणायला सांगितलं, आणि मग तिथेच बाकावर बसून रडले. ठेकेदाराचं नाव आता कोणी काढत नाही.

मासे वाटून होत नाहीत तोच सुखदेवभाऊ माझ्याकडे आले. "बाई, तलावात बदकं ठेवाची का?" बदकं! मी पदराला बांधलेला आवळा काढला आणि तोंडात टाकला.

उद्या त्यावरच बैठक आहे. मामाजी, तुम्हाला शब्द देते, ह्या खुर्चीवर आहे तोवर मी सगळ्यांच्या शेवटी बोलेन. जमलं तर ते त्यांचं, फसलं तर माझं. खर्रा मात्र मी खाणार नाही, आधीच सांगून ठेवते!

गाल फुगवून बसणारी तुमची सून,
सुमन