दुसऱ्याच गाडीचा स्पीडोमीटर

ती. ताईस,

दोन्ही हात ग्रीसने बरबटलेले असल्यामुळे नमस्कार लांबूनच करतो, तू जवळून समज. तुझा गुडघा, भावोजींचं पित्त आणि तुमच्या गच्चीची गळती, तिघांच्या प्रकृतीला उतार पडला असेल अशी आशा आहे. इकडे सर्व ठीक. (असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं.)

जाताना तू मला दारात गाठून बजावलं होतंस, की बाबांच्या त्या दोन सीटच्या, बिनछपराच्या गाडीचा बंद पडलेला स्पीडोमीटर आधी दुरुस्त करून घे, आणि त्यानंतरही या वयात ते पन्नासच्या वर गेले तर गाडी सरळ विकून टाक. तुला सांगायला काय जातं? निवृत्त झाल्यापासून बाबा माणसांशी बोलतात त्यापेक्षा जास्त त्या गाडीशी बोलतात. ती गेली तर ते दिवसभर माझ्याशी बोलतील, आणि आम्हा दोघांनाही त्याची सवय नाही. म्हणून लगेच कामाला लागलो.

मीटर म्हणजे फार काही नसतं गं. गिअरबॉक्समधून एक केबल निघते, ती गरगर फिरते आणि डॅशबोर्डावरचा काटा हलवते. आमची केबल तुटली होती. पहिली नवी केबल आणली ती आखूड निघाली, डॅशबोर्डाच्या वीतभर अलीकडेच तिने हात टेकले. दुसरी इतकी लांब, की वेटोळं करून बसवावी लागली, आणि काटा जो थरथरायला लागला तो गाडी उभी केल्यावरच शांत झाला. तिसरी मापात होती, पण तिचं टोक चौकोनी आणि आपलं भोक गोल. मिस्त्री म्हणाला, ठोकून बसवतो. बाबांनी त्याच्या हातातून हातोडी काढून घेतली आणि त्याला चहा पाजून घरी पाठवलं. चौथी बसली. तेव्हा कळलं, की मीटरच मेलेला आहे.

मग मीटर शोधायला मी आणि बाबा जुन्या पार्टांच्या बाजारात गेलो. (बाबांबरोबर खरेदीला जायचा अनुभव तुला आहेच. दुकानदार शेवटी स्वतःच दुकानातून बाहेर जातो.) एक मीटर हुबेहूब मिळाला. तोच काळा चेहरा, तेच पांढरे आकडे, तीच चकचकीत कडा. आम्ही रूपावर भाळलो आणि कुळशील विचारलंच नाही. डायलच्या तळाशी बारीक अक्षरात एक आकडा असतो. किलोमीटरभरात केबलने किती गिरक्या घ्यायच्या, ते तो सांगतो, आणि तो गाडीच्या गिअरबॉक्सशी जुळावा लागतो. आमचा जुळत नाही. हा मीटर दुसऱ्याच गाडीचा आहे आणि वेग बरोब्बर दुप्पट दाखवतो.

हे मला पहिल्याच फेरीत समजलं. काटा साठवर होता, बाबा स्टिअरिंगवर वाकून डोळे बारीक करून बसले होते, आणि एक दुधवाला सायकलवरून आमच्या बरोबरीने येत होता. उतार लागला तसा तो पुढे निघून गेला. बाबा गंभीरपणे म्हणाले, "हल्ली लोक जिवाची पर्वाच करत नाहीत." मी मान डोलावली. दुसरं काय करणार होतो? पुढे एका आजीबाईंनी स्कूटरवरून हॉर्न वाजवून आम्हाला बाजूला व्हायला लावलं. त्यांच्याबद्दलही बाबांनी चिंता व्यक्त केली.

तेव्हापासून मी रोज संध्याकाळी त्यांच्या शेजारी बसतो. काट्यावर लक्ष असलेलं बरं. बाबा ऐंशीच्या पुढे जात नाहीत, म्हणजे चाळीसच्या. तुझी अट पाळली जाते आहे, गाडी घरात आहे, आणि खोटं असं कुणी बोललेलं नाही.

घरच्यांना नमस्कार आणि पिल्लांना पापा.

तुझा धाकटा

ता. क. भावोजींनी आपल्या ओळखीतून खरा, आकडा जुळणारा मीटर मागवलाय असं कळलं. त्यांचे उपकार कसे फेडू? तो आला की कृपा करून माळ्यावर टाक आणि विसरून जा.

ता. क. २. बाबांना यातलं काही कळता कामा नये. त्यांना फार लागेल.

चि. ताईस अनेक आशीर्वाद. तो पाकिटासाठी डिंक शोधायला गेलाय, तेवढ्यात लिहितो. ही गाडी मी तीस वर्षं चालवतो आहे. चाळीसचा आवाज कसा आणि ऐंशीचा कसा, हे मला मीटरने सांगायला नको. पण तुझी आई गेल्यापासून शेजारच्या सीटवर कुणी बसत नव्हतं, आणि सीट रिकामी असली की माझा पाय आपोआप दाबला जातो. आता हा बसतो. चाळीसलासुद्धा दाराची कडी घट्ट धरून बसतो, पण रोज येतो. मीटर पाठवू नकोस.

तुझे बाबा