हे कुणाला लागत नाही

४ फेब्रुवारी, मंगळवार
टॉवेलच्या घड्या! अडतीस वर्षं बायकांचे केस कापतेय मी, आणि आज दिवसभर मागच्या खोलीत बसून टॉवेलच्या घड्या!

का, तर एका गिऱ्हाईक बाईला आरशात माझ्या मानेवरचे चामखीळ दिसले. "शी! मला लागले म्हणजे?" मालकिणीनं लगेच बाजूला घेतलं. "मावशी, थोडे दिवस मागेच बसा. समजून घ्या ना." काय समजून घेऊ? हिच्या आईनं दुकान उघडलं तेव्हापासून आहे मी. हिला नीट बसता येत नव्हतं, तेव्हा खुर्चीत उशी ठेवून हिच्या झिपऱ्या कापल्यात!

५ फेब्रुवारी
घड्या.

६ फेब्रुवारी
जाऊबाई बाटली घेऊन हजर. "दोन थेंब टाका, आठ दिवसांत गळून पडतात." एकच टाकला. आई गं! आजूबाजूची कातडी सोलून निघाली, चामखीळ मात्र जागच्या जागी, ढिम्म! वर जाऊबाई म्हणतात, "तुमची कातडीच हट्टी." वा!

८ फेब्रुवारी, शनिवार
कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी भिंगातून एकेक पाहिला. तपकिरी, खरबरीत, मेण चिकटवल्यासारखे. "वयानं येतात. कॅन्सर नाही, लागण नाही, आणि अस्वच्छपणा तर मुळीच नाही." नाही काढले तरी चालतं. कपड्याला घासून त्रास झाला तर त्या गोठवून काढतील. पण खुडायचं नाही, बाटलीतलं काही ओतायचं नाही. भाजलेल्या जागेला मलम दिलं, आणि बजावलं — एखादा बाकीच्यांहून वेगळा दिसला, झपाट्यानं वाढला, रंग बदलला, आपोआप रक्त आलं, तर थांबायचं नाही, दाखवायचा.

"हे लागत नाही, एवढं लिहून द्या," म्हटलं. हसल्या. पण दिलं — सहीशिक्क्यासकट.

१० फेब्रुवारी, सोमवार
कागद आरशावर डकवला. मधोमध!

"मावशी, हा काय तमाशा? गिऱ्हाईक पळेल!"
"तमाशा तुम्ही केलात. मी नुसती पाटी लावली."

कुणी पळालं नाही. उलट शाळेत शिकवणाऱ्या बाईंनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला, मग हळूच कॉलर खाली केली. "हेच का हो? दोन वर्षं गळाबंद कपडे घालतेय मी." दोन वर्षं! उन्हाळ्यातसुद्धा! कुणी घातली ही लाज आमच्या गळ्यात?

११ फेब्रुवारी
कात्री परत हातात. मालकिणीकडून माफीचा शब्द नाही. मीही तिच्याशी कामापुरतंच बोलते. हं नि हूं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
दुपारी दुकान रिकामं होतं. मालकिणीनं दाराला कडी घातली, माझ्याकडे पाठ केली आणि म्हणाली, "मावशी, ड्रेसची चेन उघडा. मला मागचं दिसत नाही. तुमच्यासारखेच आहेत ना?"

दोन होते माझ्यासारखे. तिसरा नव्हता. काळाकुट्ट, कडा वेड्यावाकड्या, वर सुकलेलं रक्त.

"कधीपासून?"
"सहा महिने. भीती वाटत होती हो."

उद्याचा पहिला नंबर लावलाय. मी जातेय तिच्याबरोबर.