कापऱ्या हातांचे गुण

४ फेब्रुवारी
पोचले एकदाची! खोली कामाच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. खिडकी ऐसपैस, गादी कोरी करकरीत, नळ सोडला की गरम पाणी. नवरा जहाजावर. तो येईपर्यंत मी आणि पोटातलं पाच महिन्यांचं पाखरू, दोघांचंच राज्य. गरोदर म्हटल्यावर बाकी सगळ्यांनी नोकरीला नकारघंटा वाजवली होती. इथल्या मोठ्या बाईंनी मात्र पोट बघूनच हसून हो म्हटलं. संशोधन त्यांचं. आईच्या पोटात नशेचं औषध गेलं तर बाळाची वाढ कशी होते, हा विषय. नर्सला सगळे आत्या म्हणतात. त्यांनी जिन्यात माझी बॅग हिसकावूनच घेतली आणि ओझं उचललंस तर बघ, असा दम भरला. आत्या एकदम आवडल्या मला.

८ फेब्रुवारी
काम सोपं आहे, पण डोळ्यांत तेल घालून करावं लागतं. काचेच्या खोलीत नवजात बाळ आणतात. त्याच्या जांभया, शिंका, हातांचा कंप, रडण्याची पट्टी, सगळ्याला गुण द्यायचे; त्रास जितका जास्त, तितके गुण जास्त. मग कानाशी घंटी वाजवायची. निरोगी बाळ आधी दचकतं, मग सरावतं आणि झोपून जातं. काही बाळं मात्र दर वेळी नव्याने दचकतात. त्यांना सराव म्हणून होतच नाही. कोणतं बाळ नशेचं आणि कोणतं नाही, हे गुण देणाऱ्याला सांगत नाहीत. आयांशी बोलायलाही बंदी. कळलं की नजर कलते म्हणे. पण मला का कळत नाही? आज एकाचे हात सारखे थरथरत होते. नऊ महिने जिभेवर ताबा ठेवता येत नाही, त्यांनी आई व्हावंच कशाला! आत्यांना तसं म्हटलं, तर त्या म्हणाल्या, तोंड आवर पोरी, कुणाचं कुणाला ठाऊक असतं?

२१ फेब्रुवारी
आत्या रोज सकाळी टॉनिकचे दोन चमचे स्वतःच्या हाताने पाजतात. कडूजहर! पण मग कंबर दुखत नाही की काही नाही, दिवसभर पिसासारखं हलकं वाटतं. झोप तर ढाराढूर. मोठ्या बाई रोज आवर्जून विचारतात, झोप लागली का, भूक लागते का. सख्ख्या आईने केली नसती इतकी काळजी.

१५ मार्च
आत्यांना कालपासून ताप, त्यामुळे टॉनिक नाही. मला सर्दी झालीय वाटतं. नाक गळतंय, जांभयांवर जांभया.

१६ मार्च
आज काचेपलीकडचं बाळ शिंकलं, अलीकडे मी शिंकले. त्याने जांभई दिली, मीही दिली. मला हसू आलं. मग कागदावरचं पेन दिसलं. ते हलत होतं. पेन नव्हे, हात. सवयीने मी स्वतःलाच गुण दिले. शिंका, जांभया, घाम, कंप. बेरीज केली आणि हसू पळालं. इतके गुण मी आजवर एकाच बाळाला दिलेत.
भीती वाटतेय. उगाच असेल.

१७ मार्च
नियम मोडला. त्याच सर्वांत जास्त गुणांच्या बाळाची आई बाहेरच्या बाकावर होती. दुकानात काम करणारी, माझ्याहून लहान. काय घेत होतीस, असं सरळ विचारलं. ती चिडलीच. साधी तंबाखूसुद्धा कधी शिवली नाही म्हणाली. घेतलं ते फक्त इथलं टॉनिक, आत्यांच्या हातचं. मग माझ्या पोटाकडे बघून म्हणाली, "तुम्हालाही देतात ना ताई?"
हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला.
आत्या कामावर आल्यात. त्यांना धरून विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही. नशेबाज आया दहा गोष्टी घेतात, कशाने काय झालं ते कळत नाही. म्हणून काहीच न घेणाऱ्या आया हव्या होत्या. बाटल्या दोन तऱ्हेच्या येतात, एकीत नशेचं औषध, दुसरीत नुसतं कडू पाणी. रंग तोच, चव तीच. कुणाला कोणती, ते त्यांनाही ठाऊक नाही, मोठ्या बाईंनाही नाही. हे सांगताना त्या माझी शाल नीट करत होत्या.
माझ्या बाटलीत काय आहे, हे आता फक्त मला कळलंय.

१८ मार्च
चमचा मोरीत ओतला. नवऱ्याला फोन लागला. गरोदरपणी असलं काहीबाही सुचतंच, म्हणाला. उद्या सकाळी बहिणीकडे जाते. बॅग भरलीय. बाळा, फक्त आजचा दिवस.

१९ मार्च
जिन्यातच बसले. पाय — पायांत गोळे. उलट्या. पोटात ते सारखं लाथा मारतंय, थांबतच नाही. असं तडफडणं मी ओळखते. रोज बघते.
आत्यांनी उचलून वर आणलं. म्हणाल्या, असं एकदम तोडलंस तर बाळ जाईल. त्यांनी पाहिलंय म्हणे.
खोटं बोलत नाहीत त्या. तेच वाईट. इकडे आड, तिकडे विहीर — आणि मधे माझं —

२० मार्च, सकाळ
हालचाल नाही.
डाव्या कुशीवर झोपले. गार पाणी प्यायले. पोटावर टिचक्या मारल्या. नाही.
आत्या दारात, चमचा घेऊन. मागे मोठ्या बाई. जबरदस्ती नाही, नुसत्या उभ्या. घेणार नाही. मी नाही —
बाळा, हल ना रे —

दुपार
घेतलं.
आणि हललं! माझं पाखरू हललं! मी आत्यांचे हात धरून रडले, त्याही रडल्या. थँक्यू म्हटलं मी त्यांना. मोठ्या बाई म्हणाल्या, संध्याकाळी पुन्हा देऊ. संध्याकाळ फार लांब आहे. आत्ताच द्या म्हटलं. दोनच चमचे. बरं, एक. बाळासाठी मागतेय हो, माझ्यासाठी नाही, माझ्या —