कार्डवाल्याचं नाव

घाटकोपर, रविवार, ६ ऑगस्ट १९७८

ती. मालनताई यांस,

काशीरामचा वाकून नमस्कार. (घटस्फोटानंतर मी तुमचा कोण लागेन, ते वकिलाला विचारायचं राहिलं. तोवर धाकट्या बहिणीचा नवरा म्हणूनच नमस्कार घ्यावा.) तुमचे गुडघे कसे आहेत? साडूभाऊ रिटायर झाल्याचं कळलं. आता ते दिवसभर घरात असणार, तेव्हा तुमचं अभिनंदन करावं की सांत्वन, ते कळवावं.

नलिनी तुमच्याकडे आली त्याला दीड वर्ष झालं. चूक माझी. मी फार बोलतो आणि ती बोलतच नाही, असं नऊ वर्षं चाललं आणि एक दिवस रागाच्या भरात मी ‘चालती हो’ म्हणालो. नऊ वर्षांत माझं एक वाक्य तिनं मनावर घेतलं नव्हतं, नेमकं तेवढं घेतलं. एप्रिलात दोघांनी मिळून घटस्फोटाचा अर्ज दिला, तेव्हा जज्जसाहेबांनी तिला नवऱ्याचं नाव विचारलं, तर बाई गप्प. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, हे तुमच्या आईनं तिच्या डोक्यात पक्कं बसवलंय. (माझी आत्या काशीला गेली, तेव्हा ‘काशी’ म्हणायला नको म्हणून हिनं चाळीत ‘आत्या विश्वनाथाकडे गेल्या’ असं सांगितलं. हा विश्वनाथ कोण, म्हणून शेजारणी महिनाभर चौकशी करत होत्या.) शेवटी वकिलानंच माझं नाव सांगितलं.

कोर्टात भागलं, पण विम्याच्या दवाखान्यात भागेना. मे महिन्यात तिच्या छातीच्या फोटोत डाग निघाला, हे तुम्ही जाणताच. अठरा महिने गोळ्या, आणि खंड पडता कामा नये. माझ्या कारखान्याच्या विमा कार्डावर ती बायको म्हणून आहे तोवर औषध मिळतं, म्हणून दर बुधवारी ती मुलुंडहून इथे येते. जुना कंपाउंडर तिला ओळखायचा. तो बदलून गेला आणि खिडकीवर बॅप्टिस्ट आला. (माझा जुना दोस्त, पण नलिनीला त्यानं कधी पाहिलेलं नाही.) तो काल मटणाच्या दुकानात भेटला.

“काशीराम, तुझी बायको दोन बुधवार गोळ्या न घेता परत गेली रे,” तो म्हणाला. “लोक दुसऱ्याचं कार्ड घेऊन येतात, म्हणून कार्डवाल्याचं नाव विचारावं लागतं. ती सांगतच नाय. मी बोललो, बाई, उखाणा घे, तरी चालेल. लाइन हसली, ती निघून गेली.”

ताई, मी मटण न घेताच घरी आलो. ज्याच्यापासून सुटका हवी, त्याचं आयुष्य कमी होऊ नये म्हणून ही बाई खोकत परत जाते. (हे तिनं तुम्हाला सांगितलं नसणारच.) तिला म्हणावं, खुशाल नाव घे. माझं आयुष्य थोडं कमी झालं तरी चालेल, तुझी गोळी चुकायला नको.

बाकी पत्राला विशेष कारण नाही. गुडघ्यांना तेल लावावं.

तुमचा (तूर्तास तरी) मेहुणा,
काशीराम

ता. क. वकील म्हणतो, सहा महिन्यांनंतर दोघांनी पुन्हा जाऊन ‘हो’ म्हटलं की निकाल. निकाल लागला की कार्डावरचं तिचं नाव जाणार. पण अर्ज दिल्यापासून अठरा महिन्यांपर्यंत थांबता येतं. तिला घाई करू देऊ नका. काशीराम ऑक्टोबरात फार कामात आहे म्हणावं. नोव्हेंबरातही आहे.

आणखी ता. क. ती नाव घेणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून येत्या बुधवारची रजा टाकली आहे. खिडकीपाशी मीच उभा राहीन आणि माझं नाव मीच सांगेन. तिला कळवू नका, नाहीतर यायची नाही. बॅप्टिस्टला सांगून ठेवलंय की माझ्याकडे बोट दाखवून तिला एवढंच विचार, ‘हे कोण?’ ती ‘आमचे’ एवढं म्हणाली तरी गोळ्या द्यायच्या.