मेंढीवर तपासलेलं मलम

सोलापूर

ती. मायाक्का आत्यास,

बिरुदेवचा साष्टांग नमस्कार. गुडघे कसे आहेत? मेंढरं कशी आहेत? (गुडघ्यांची चौकशी आधी केली, हे लक्षात घे.) नातीनं उजळावं म्हणून तू तिच्या गालांना रोज ते मलम चोळतेस असं कळलं. कुणी सांगितलं ते विचारू नकोस. फोनवर तू दुसऱ्याला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. सूनबाई ऋतुजा वाचून दाखवील, तोवर ट्यूब बाजूला ठेव.

तू दिलेली तीच ट्यूब मी मानेवरच्या नायट्याला लावली. चार दिवसांत खाज गेली, नायटा दिसेना, आणि आत्यापुढे डॉक्टर काय चीज, असं मी ऑफिसभर सांगत सुटलो. पण मान उजळली नि तोंड होतं तसंच राहिलं. धड एकाचं, मुंडकं दुसऱ्याचं. म्हणून तोंडालाही लावलं. बायको, रुपाली, नको म्हणत होती, पण तुझं वाक्य माझ्या कानात होतं : “मेंढराला लावून बघितलंय की, काय बी झालं न्हाय.” (मेंढरू आरशात बघत नाही, हे तेव्हा सुचलं नाही.) महिनाभर चेहरा असा तुकतुकीत, की ऑफिसात दोघांनी ट्यूबचं नाव लिहून घेतलं. मग ट्यूब संपली. आठवड्यात तोंड लालभडक, वर पुळ्या, उन्हात गेलं की आग. आणि आपल्या सोलापुरात ऊन चुकवून जायचं कुठं? नायटाही परतला, बशीएवढा होऊन.

कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हे कुणी दिलं? म्हटलं, आत्यानं. त्या काय शिकल्यात? म्हटलं, साठ मेंढरं सांभाळते. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, यात स्टेरॉइड आहे. योग्य दुखण्याला, सांगितलेल्या जागी, सांगितले तेवढेच दिवस लावलं तर गुणकारी. पण नायटा त्यानं नुसता झाकतो आणि आतून पसरतो, तोंडाची कातडी पातळ होते. तान्ह्या बाळाची तर मुळातच पातळ, औषध लगेच अंगात मुरतं. आत्या, तुझ्यावर राग नाही. माझ्या तोंडाचं मी बघून घेईन.

तुझा (सध्या लाल) भाचा,
बिरुदेव

ता.क. (ऋतुजा, हे मनातच वाच.) तू रडत फोन केलास, ते मी कुठं फुटू दिलेलं नाही. उद्याच बाळाला डॉक्टरांना दाखव, ट्यूबही सोबत ने. आत्या अडवायला लागली तर माझा फोटो पाठवलाय, तो तिच्यापुढे धर.

आणखी ता.क. (हे मोठ्यानं, दोनदा वाच.) आत्या, बाळीचा फोटो बघितला. रंग, नाक, कपाळ, सगळं तुझं. काळी काळी म्हणून लोकांनी तुला लहानपणी किती रडवलं, ते अण्णांनी, तुझ्याच भावानं, मला सांगितलंय. पण तुझ्याइतकी देखणी बाई मी अजून पाहिलेली नाही. तिच्यातली माझी आत्या पुसून काढू नकोस.